पद्मिनी की ८००? दोघींतली एकच ठेवायचीय

वाईचा_घाट (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे पण घरात त्यावरून दोन पार्ट्या पडल्यात म्हणून इथे टाकतोय. वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी वाईला जुन्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, बरीच वर्षं जागची हललेली नाही. आणि आत्याची १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, चालू कंडिशन, आत्याने आता ड्रायव्हिंग सोडलं म्हणून ती पुण्यात माझ्याकडे आलीय. सोसायटीत माझी दोन पार्किंग, एकात रोजची गाडी. वाईचं घर पाडून बांधायचंय म्हणजे शेड जाणार. थोडक्यात दोन जुन्यांपैकी एकीलाच जागा आहे.

'कुठली चांगली' हे विचारत नाहीये. आज एक चालते आणि एक चालत नाही, एवढं मलाही दिसतं. पुढची दहा-पंधरा वर्षं सांभाळायला आणि अधूनमधून पुणे-वाई मारायला कुठली जमेल ते सांगा. आठवणी लिहा की, पण जरा बोनेट उघडून लिहा.

मी थोडं वाचलं त्यावरून: कागदावर दोघींत अकरा वर्षांचं अंतर, पण खरं अंतर भलतंच आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ १९३७ च्या फियाट ५०८सी चं, बॉडीचा सांगाडा १९५३ च्या ११००-१०३ चा आणि तोंडवळा १९६२ च्या ११००डी चा. म्हणजे वडिलांनी ८७ साली कोरी करकरीत म्हणून जी गाडी घरी आणली तिच्या इंजिनाचा आराखडा आजोबांच्या लग्नाआधीचा होता. इटलीत ११००डी १९६६ ला बंद पडली, आपल्या कुर्ल्यात तीच गाडी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती. ८०० चं उलट. जपानमध्ये अल्टो आली १९७९ ला, आपल्याकडे ती ८०० म्हणून ८३ ला, पुढची गोल बॉडी तिकडे ८४ ला आणि इकडे ८६ ला. म्हणजे ८७ साली बाजारात एक गाडी होती तीन वर्षं जुन्या डिझाईनची आणि दुसरी पंचवीस-तीस वर्षं जुन्या डिझाईनची. तरीही वडिलांनी पद्मिनी घेतली, आणि ते हिशेबाला पक्के होते हो. का घेतली असेल?

---

टवाळ_पंत

दोन्ही विका, एक बुलेट घ्या, पार्किंगचा प्रश्न मिटला. :)

---

तारदेव_नाका

का घेतली याचं उत्तर सोपं आहे. ८७ साली तालुक्याच्या गावात ८०० दुरुस्त कोण करणार होतं? त्या गाडीचं सगळंच नवीन. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, इंजिनला साखळीऐवजी टायमिंगचा पट्टा, तीन सिलिंडर. जुने मिस्त्री बोनेट उघडून म्हणायचे हे काय खेळणं आहे. आणि पद्मिनीचा मेकॅनिक मात्र प्रत्येक एसटी स्टँडच्या मागे असायचा, कारण ११०० सीसीची फियाट गावाने साठच्या दशकापासून पाहिलेली. शास्त्रीजींनी पंतप्रधान असताना १९६४ ला घेतलेली फियाट म्हणजे हीच की. १२ हजाराची गाडी, ५ हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज, आणि ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलेलं. ती गाडी आणि तुमच्या वडिलांची ८७ ची शेजारी उभ्या केल्या तर ग्रिल आणि डॅशबोर्डचे फरक सोडले तर एकीचे दरवाजे दुसरीला बसतील अशी परिस्थिती.

दुसरं म्हणजे माणसं. पुढे सोफा सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं. मागे चार आणि पोरं मांडीवर. डिकीत आंब्याच्या पेट्या. ८०० मध्ये हे कसं बसवणार? ७९६ सीसी आणि डिकी म्हणजे दोन पिशव्या.

---

गिअरवाली

तारदेव_नाका, मेकॅनिकचा मुद्दा पटला, पण तोच मुद्दा उलटा करून बघा ना. पद्मिनीला मेकॅनिक जवळ लागायचा म्हणून तो जवळ असायचा. :)

मी ८०० वर शिकले, आमच्याकडच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये दुसरी गाडीच नव्हती, सरांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच. घरी बाबांची पद्मिनी होती आणि ती चालवायची म्हणजे आधी तिचा स्वभाव शिकायचा. चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही कारण पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय) नाही, टाकलात की खर्रर आवाज आणि मागच्या सीटवरून आजोबांचा खर्रर. क्लच दाबायला मांडीचा जोर. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे दोन्ही हात लावून, खांदे भरून यायचे. आई बाबांच्या शेजारी बसून एवढी वर्षं फिरली पण स्वतः कधी चालवली नाही, आणि ती घाबरट वगैरे मुळीच नव्हती. ८०० आली आणि तिसऱ्या आठवड्यात ती एकटी मंडईत गेली. किल्ली फिरवली, गाडी चालू. हा फरक सीसीत आणि बीएचपीत मोजता येत नाही, पण माझ्या मते ८०० ने पद्मिनीला इथेच हरवलं. पॉवर दोघींची जवळपास सारखीच, चाळीसच्या आसपास घोडे. पण पद्मिनी ९०० किलोच्या आसपास आणि ८०० साडेसहाशेच्या आत. तेवढेच घोडे, ओझं मात्र अडीचशे किलो कमी.

सो मुद्द्याचं: पुणे-वाई मारायचं असेल आणि घरातलं कोणीही मारणार असेल तर ८००. फक्त तुम्हीच मारणार असाल तर पद्मिनीचा विचार करा.

---

वाईचा_घाट

गिअरवाली, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली 'बघ, मी हेच म्हणत होते'. ती काय म्हणत होती ते मला आठवत नाहीये पण हरकत नाही.

---

स्पॅनर_दादा

उद्यमनगर, कोल्हापूर. दोन्ही गाड्या खोललेल्या हाईत, एकदा न्हवं लई वेळा. भावा तू आधी एक सांग, पद्मिनी उभी करताना टाकीत पेट्रोल होतं का? रेडिएटरात पाणी होतं का? हँडब्रेक ओढलेला का? ह्याच्यावर सगळा विषय हाय. आणि बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह अजिबात करू नको, सांगून ठेवतो.

आता तुलना. पद्मिनीचं इंजिन म्हंजे पुशरॉडवालं, साधं. टॅपेट सेटिंग फीलर गेज घेऊन दारात बसून होतं, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, कार्ब्युरेटरचा जेट तोंडानं फुंकायचा, झालं. बोनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूला हात जातोय. ८०० चं इंजिन एफ८बी, हेडमध्ये कॅम, टायमिंगला पट्टा. ते उभ्या आयुष्यात कमी बिघडतंय पण जागा कमी, हात सोलतोय. पट्टा वेळेवर बदलला, कूलंटकडं बघितलं, ऑइल बदललं तर लाखभर किलोमीटर कुणी हेड उघडत न्हाय. पद्मिनीला त्याच्या आधीच रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग ह्यापैकी कायतरी निघतंयच. पण निघालं तरी होतंय! बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचं, परत नवी. आमच्या लेथवर आजबी होतंय.

ब्रेक: पद्मिनीला चारी ड्रम. ८६ नंतरच्या ८०० ला पुढं डिस्क. पसरणी घाट उतरताना हा फरक कळतोय. पद्मिनी दुसऱ्या गिअरवर इंजिननं धरून उतरवायची, ब्रेकवर भरवसा ठेवून न्हवं.

---

मांडवी_काठ

स्पॅनर_दादांनी इंजिनाचं लिहिलं, मी पत्र्याचं लिहितो. आमच्या गोव्यात खारी हवा आणि चार महिने पाऊस, इथे गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. ८०० चा पत्रा पातळ आहे. मागच्या चाकांच्या कमानी, दाराची खालची कड, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग आणि पायाखालची फ्लोअर, एवढं आधी बघा. वरून चकचकीत रंग आणि खाली रबर मॅट उचलली की रस्ता दिसतो अशा ८०० मी पाहिल्यात. पद्मिनीचा पत्रा जाड, पण त्यामुळे ती गंजत नाही असं नाही, गंजायला जास्त वेळ लागतो एवढंच. तिच्या दारांखालच्या लांब पट्ट्या आणि जॅक लावायची जागा बघा. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, म्हणजे खालच्या पट्ट्या गेल्या की गाडीची कंबर गेली.

स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खाली झोपून टोचा. आत गेला तर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला आहे असं समजा. चांगला पत्रेवाला असेल तर तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करेल, आणि अशी माणसं आता कमी उरलीत. इंजिनापेक्षा पत्रेवाला शोधणं अवघड आहे हे आधी लक्षात घ्या.

---

दणकट_पाटील

जाड पत्रा म्हणजे सेफ्टी. पद्मिनीला ८०० धडकली तर कोण वाचणार सांगायची गरज नाही. ८०० ला तर त्या क्रॅश टेस्टमध्ये झिरो स्टार मिळालेले सगळ्यांनी बघितलेत.

---

नेकारकाठचा

पाटीलसाहेब, ग्लोबल एनकॅपने (गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणारी संस्था) २०१४ ला झिरो स्टार दिले ते अल्टो ८०० ला, ती वेगळी गाडी. जुन्या मारुती ८०० चं उत्पादन त्याच वर्षी १८ जानेवारीला संपलं. अर्थात तिची टेस्ट झाली असती तर फार उजेड पडला असता असंही नाही.

पण जाड पत्रा म्हणजे सेफ हे डोक्यातून काढा. पुढचा भाग चुरगळत नसेल तर धक्का जातो कुठे? आत बसलेल्याकडे. जुन्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा मोडत-दुमडत नाही, तो थेट छातीवर येतो. आणि सोफा सीटवर पुढे तिघं बसलेत, मधल्याने कशाला धरायचं? आपल्याकडे पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचे झालेच १९९४ ला, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ते नाहीतच. दोन्ही गाड्या आजच्या हायवेवर आजच्या गाड्यांच्या वेगात नेण्यासारख्या नाहीत. धागाकर्त्याने कुठलीही ठेवली तरी पहिला खर्च सीटबेल्टवर करावा, चांगल्या टायरवर दुसरा. रंग-बिंग नंतर.

अवांतर: इकडे जर्मनीत गाडी ३० वर्षांची आणि मूळ अवस्थेत असली की नंबराच्या शेवटी एच मिळतो, टॅक्स कमी होतो. रविवारी म्हातारे लोक आपापल्या गाड्या घेऊन निघतात. आपल्याकडे असं काही आहे का?

---

कागदी_घोडा

आहे, पण ५० वर्षांनी. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली आणि बॉडी, इंजिन मोठे फेरबदल न केलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर. वाईच्या पद्मिनीला ती पात्रता २०३७ ला येईल. आत्याच्या ८०० ला २०४८.

आता खरी डोकेदुखी. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू. आधी ६०० रुपयांत व्हायचं, १ एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार. मुदत टळून गेली असेल तर लेट फी महिन्याला ५०० रुपये. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आणि पासिंगला गाडी आरटीओच्या ट्रॅकवर स्वतःच्या पायांनी जावी लागते, लाईट, हॉर्न, ब्रेक सगळं चालू हवं. एचएसआरपी नंबरप्लेट आता जुन्या गाड्यांनाही लागते.

तर साहेब, पद्मिनीचं आरसी बुक सापडतंय का ते आज बघा. नाव वडिलांचंच असेल तर वारस म्हणून तुमच्या नावावर करायचं काम आधी. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर पुस्तकातल्याशी जुळतात का तेही टॉर्च मारून बघा, कारण जुन्या पद्मिन्यांची इंजिनं गॅरेजांत सर्रास अदलाबदल व्हायची. पुस्तकच नसेल तर हा धागा इथेच बंद करा आणि ८०० ठेवा.

---

टवाळ_पंत

कागदी_घोडा यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या स्कूटरचा पीयूसी आठवला आणि पोटात गोळा आला.

---

तारदेव_नाका

पाटील, सेफ्टीचं सोडा, पण दणकटपणाबद्दल एक बाजू तुमची घेतो. मुंबईत टॅक्सी म्हणून ती गाडी जेवढी पिळली गेली तेवढी दुसरी कुठली गेली असेल असं वाटत नाही. दोन शिफ्टला दोन ड्रायव्हर, गाडीला सुट्टी नाही, वर कॅरिअरवर ट्रंका, पुढे डाव्या बाजूला तो लोखंडी मीटर, हाताने पाडायचा. नंतर सीएनजीचा सिलिंडर डिकीत, म्हणून सामान कायमचं टपावर गेलं. सरकारने २००८ ला टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा घातली, २०१३ ला ती २० केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, तिची २० वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या महिनाभर आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या. दोन्ही एकदम गेल्यामुळे पेपरवाल्यांना रडायला बरं पडलं.

पण यातून धागाकर्त्याच्या कामाची गोष्ट अशी की टॅक्सी होत्या तोवर स्पेअर पार्ट बनत होते. गिऱ्हाईकच टॅक्सीवाला होता. आता तो गेला. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजार, पुण्यात नाना पेठ, इथे अजून जुना माल निघतो, पण 'निघतो', 'मिळतो' नाही. दुकानदाराला फोन करून हेड गास्केट आहे का विचाराल तर तो म्हणेल बघून सांगतो, आणि मग तुम्हीच दर आठवड्याला बघून विचारायचं. ८०० चं याउलट. २७ लाखांच्या आसपास गाड्या भारतात विकल्या गेल्या, आणि एफ८बी इंजिन ओम्नीतही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट जिल्ह्याच्या कुठल्याही दुकानात.

---

स्पॅनर_दादा

तारदेव भाऊंनी बरोबर सांगितलं पण अर्धं. ८०० चं इंजिनाचं मिळतंय, पण ट्रिम? दाराचं आतलं हँडल, डॅशबोर्डचा न मोडलेला भाग, ओरिजिनल बंपर, काचेची रबरं? तेबी आता स्क्रॅपमधूनच. आणि एक गंमत बघा. पद्मिनी मोडणारा आता दहादा विचार करतोय, कारण तिला भाव आलाय. ८०० डोळे झाकून भंगारात घालत्यात, कारण त्या लई हाईत आणि कुणाला किंमत न्हाय. तवा आत्ताच दोन-तीन हेडलाईट, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर उचलून ठेवा, पोत्याच्या भावात मिळतंय.

---

गिअरवाली

स्पॅनर_दादा +१. ८०० कोणी जपून ठेवत नाही हे मला खटकतंच. पद्मिनीचे लग्नात फोटो, कॅफेच्या भिंतीवर बोनेट, आणि जिने निम्म्या मध्यमवर्गाला स्टिअरिंगमागे बसवलं ती भंगारात. पहिली ८००, जी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली देऊन दिली गेली, किंमत ४७ हजार ५००, ती सुद्धा पुढे अनेक वर्षं उघड्यावर खराब होत पडली होती म्हणे, नंतर कंपनीने दुरुस्त करून स्वतःच्या ऑफिसात ठेवली.

---

दणकट_पाटील

स्टिअरिंगमागे बसवलं ते ठीक. पण पद्मिनीत बसलं की गाडीत बसल्यासारखं वाटायचं. ८०० त बसलं की गाडी अंगात घातल्यासारखी वाटते.

---

टवाळ_पंत

पाटील, हे वाक्य माझं असायला हवं होतं.

---

सातारी_कंदी

सगळं वाचलं, एक राहिलंय. पेट्रोल. आता पंपावर ई२० येतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. १९८७ काय आणि १९९८ काय, दोन्ही गाड्यांच्या होज, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गास्केटं इथेनॉलचा विचार करून बनवलेली नाहीत. रबर फुगतं, कडक होतं, तडकतं आणि मग गरम इंजिनावर पेट्रोल टपकतं, ही आग लागायची गोष्ट आहे, मजेची नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साठतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. जी ठेवाल तिच्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलून घ्या, आणि उभी करायची असेल तर टाकी एकतर काठोकाठ नाहीतर पूर्ण रिकामी.

बाकी माझं मत पद्मिनी. आमच्याकडे होती. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, सगळ्यांच्याच फियाटींचं व्हायचं ते, घाटात ओळीने बोनेट उघडलेली दिसायची. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पोरांनी कणसं खायची, दहा-पंधरा मिनिटांनी निघायचं. वडिलांच्या डिकीत फडकं आणि पाण्याचा कॅन कायम. आता घाटात बोगदा आहे तरी.

---

वाईचा_घाट

सगळ्यांचे आभार, शनिवार-रविवार वाईला जाऊन आलो. अपडेट:

१. आरसी बुक सापडलं, देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत, वडिलांनी पॉलिशच्या कापडात गुंडाळून ठेवलेलं. इंजिन नंबर जुळतो. चॅसी नंबराच्या प्लेटवर रंगाचे थर आहेत, घासून बघतो. रिन्यूअल कधीचं संपलंय, कागदी_घोडा यांच्या हिशेबाने लेट फी काढली आणि थोडा वेळ पायरीवर बसून राहिलो.

२. सीटखाली वडिलांची वही निघाली. प्रत्येक सर्व्हिसिंग, प्रत्येक प्लग, किती लिटर पेट्रोल, किती किलोमीटर. ॲव्हरेज दहा-अकराच्या पुढे फारसं नाहीच. एका पानावर ८०० च्या आणि पद्मिनीच्या किमतीची बेरीज-वजाबाकी, आणि खाली फक्त एवढंच: 'आई, नाना, ताई + आपण ४. मारुतीत बसणार नाही.' म्हणजे तारदेव_नाका, तुमची सोफा सीट बरोबर निघाली. सात माणसं होती घरात, गाडी कितीही नवीन असो, तिघांना स्टँडवर ठेवून कशी नेणार.

३. स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली झोपलो. ड्रायव्हर बाजूची पट्टी ठणठणीत. डाव्या बाजूला मागच्या चाकापुढे आत गेला, तळहाताएवढी जागा. फ्लोअर बरी आहे. शेडचं पत्र्याचं छप्पर गळत नव्हतं, त्याची कृपा.

४. टाकीत पेट्रोल होतं. नव्हतं असं मी समजत होतो. वास असा की वार्निशचा डबा उघडल्यासारखा. रेडिएटर मात्र कोरडा. हँडब्रेक ओढलेला नव्हता, चाकाखाली दगड लावलेले.

पुण्यात तोवर वेगळंच झालं. भाचीला लायसन्स काढायचंय, तिला आत्याच्या ८०० वर शिकवायचं ठरलं, माझ्या अनुपस्थितीत ठरलं. बायको म्हणते ८०० हलणार नाही. मग आता प्रश्न बदलला, पद्मिनी वाईतच कुठे ठेवता येईल का. शेजारच्या काकांचा गोठा रिकामा आहे, जनावरं विकली त्यांनी. भाडं नको म्हणतात, फक्त चालू झाली की मांढरदेवीला न्यायचं असं ठरलंय.

---

कागदी_घोडा

लेट फीचा आकडा फार मोठा वाटत असेल तर भरण्याआधी आरटीओत जाऊन त्यांच्याकडचा हिशेब घ्या, ऑनलाईन पोर्टलवर गाडी दिसते का तेही बघा. जुन्या हाताने लिहिलेल्या पुस्तकांच्या नोंदी कधीकधी पोर्टलवर चढलेल्याच नसतात, मग आधी ती नोंद चढवून घ्यावी लागते, तिलाच वेळ लागतो. एजंटच्या नादी लागू नका, निदान पहिल्या फेरीला तरी.

---

मांडवी_काठ

गोठ्यात ठेवणार असाल तर आधी जमीन धुवून पूर्ण वाळू द्या आणि खाली फळ्या टाका. शेण-मूत्राच्या ओलीने खालचा पत्रा खातो. ती तळहाताएवढी जागा आत्ताच कापून वेल्ड करून घ्या, पुढच्या पावसाळ्यानंतर ती हातभर होईल.

---

स्पॅनर_दादा

हां, आता नीट वाच. टाकी खाली उतरव, गाडीत ठेवून साफ करायचा प्रयत्न करू नको. आणि वेल्डिंगवाल्याला बोलवायच्या आधी टाकी बाहेर पायजे, हे सांगायला लागू नये पण सांगतो. रेडिएटरवाल्याकडं दे, तो आतनं धुवून देतोय. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या फेकून दे. चारी प्लग काढ, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोड आणि दोन दिवस तसंच ऱ्हाऊ दे. मग गिअर न्यूट्रल करून पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरव, जोर न लावता. फिरलं तर इंजिन जिवंत. अडलं तर थांब, मला कळव, ताकद लावशील तर रिंग मोडशील. फिरल्यावर जुनं ऑइल काढून नवं, मग बॅटरी. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणार ते धरून चाल, ते नंतर बघू. ब्रेकचे व्हील सिलिंडर चारी चाकांचे जाम असतील, किट मिळालं तर किट, न्हायतर स्लीव्ह मारून घ्यावी लागंल, ते कोल्हापुरात होतंय.

---

वाईचा_घाट

ऑइल सोडलंय दादा. पुलीच्या नटाला कितीचा पाना लागेल? माझ्याकडचा सेट लहान पडतोय, वडिलांच्या पेटीत शोधतो.

---

स्पॅनर_दादा

त्यांच्या पेटीत असणारच. नसंल तर फोटो टाक, बघून सांगतो.